बढतीची परीक्षा आणि न्यायाची कसोटी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या. त्यांच्या स्मृतिदिनी परीक्षेविषयीच चार शब्द बोलावेत, असे मी योजिले आहे. मात्र शालान्त परीक्षेविषयी आपण सारेच वर्षभर बोलत असतो. शाळा सुटल्यावर, नोकरी लागल्यावर, संसार मार्गी लागल्यावर पुन्हा एकदा जी परीक्षा माणसाच्या वाट्याला येते, ती बढतीची परीक्षा. तिच्याविषयी घराघरांत कुजबुज होते, विचार मात्र क्वचितच होतो. ही परीक्षा न्याय्य आहे की नाही, हे कशावरून ठरवावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विषय फार पसरू नये म्हणून मी तो एकाच खात्यापुरता आखून घेतो. ते खाते म्हणजे अग्निशमन दल. इतर कचेऱ्यांत अयोग्य माणूस वरच्या खुर्चीवर बसला तर कागद रेंगाळतात, लोकांचे हेलपाटे वाढतात. अग्निशमन दलात अयोग्य माणूस तुकडीचा प्रमुख झाला, तर त्याच्या एका हुकुमाने माणसे दगावू शकतात. शिवाय ‘आत शिरा’ म्हटल्याबरोबर धुरात शिरणाऱ्या जवानाचा, हुकूम देणाऱ्यावर विश्वास असावा लागतो. हा माणूस वशिल्याने किंवा अन्यायाने वर आला, अशी शंका मनात असेल, तर तो विश्वास टिकत नाही. म्हणून येथे परीक्षेच्या न्याय्यतेत दोघांचे हित गुंतलेले असते: बढतीची वाट पाहणाऱ्या जवानाचे आणि आगीत अडकलेल्या अनोळखी माणसाचे.

१४ एप्रिल १९४४ हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात दारूगोळाही भरलेला होता. आग दुपारी लक्षात आली आणि पहिला प्रचंड स्फोट चारनंतर झाला. मधल्या वेळात जहाज बंदराबाहेर न्यावे की जागीच बुडवावे, याविषयी जबाबदार माणसांत एकमत झाले नाही. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या शौर्याविषयी कोणाला शंका नाही. परंतु या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. आगीपुढे उभे राहण्याचे धैर्य हा एक गुण आहे आणि अपुऱ्या माहितीवर, थोड्या वेळात, योग्य निर्णय घेण्याची शक्ती हा दुसरा. फायरमनला पहिला गुण पुरतो, तुकडीच्या प्रमुखाला दोन्ही लागतात. बढतीच्या परीक्षेने शोधायचा असतो तो दुसरा.

हा गुण तीन तासांच्या लेखी पत्रिकेतून कळतो काय? या प्रश्नावर अमेरिकेत एक मोठा खटला झाला. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहराने २००३ साली आपल्या अग्निशमन दलात लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांसाठी बढतीची परीक्षा घेतली. ६० टक्के भार लेखी परीक्षेला आणि ४० टक्के तोंडी परीक्षेला होता. लेफ्टनंटच्या परीक्षेला ७७ जण बसले: ४३ गोरे, १९ कृष्णवर्णीय आणि १५ हिस्पॅनिक. उत्तीर्ण झाले ३४. त्यांत गोरे २५, कृष्णवर्णीय ६ आणि हिस्पॅनिक ३. जागा आठ होत्या आणि नियमाप्रमाणे बढतीस पात्र ठरलेले पहिले दहाही जण गोरे होते. शहराच्या कारभाऱ्यांपुढे पेच पडला. निकाल मान्य करावा तर कृष्णवर्णीय उमेदवार परीक्षाच भेदभावाची आहे म्हणून न्यायालयात जातील, अमान्य करावा तर उत्तीर्ण झालेले जातील. शहराने निकाल रद्द केला. उत्तीर्ण झालेले उमेदवार न्यायालयात गेले. त्यांत फ्रँक रिची नावाचा एक जवान होता. त्याला वाचनाचा जन्मजात अडथळा होता. त्याने पदरचे पैसे खर्चून पुस्तके घेतली, ती दुसऱ्याकडून वाचून ध्वनिफितीवर घेतली आणि ऐकून अभ्यास केला.

२९ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल उत्तीर्ण उमेदवारांच्या बाजूने दिला. निकाल आवडला नाही म्हणून, आणि खटल्याची भीती वाटते एवढ्याच कारणाने, झालेली परीक्षा रद्द करता येणार नाही, असा त्याचा आशय. अल्पमतातील न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी मात्र दुसऱ्या बाजूवर बोट ठेवले. साठ-चाळीसचे प्रमाण कोठून आले? आगीच्या ठिकाणी अधिकाऱ्याला काय करावे लागते, याचा अभ्यास करून ते ठरलेले नव्हते. ते कामगार संघटनेशी झालेल्या जुन्या करारातून आले होते. आज्ञा देण्याची पात्रता लेखी पत्रिकेतून कितपत कळते, हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता.

श्रोतेहो, मला या खटल्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते आणि ते एकमेकांविरुद्ध आहे असेही वाटत नाही. बहुमत सांगते की, परीक्षेनंतर नियम फिरवू नका. अल्पमत सांगते की, परीक्षेपूर्वी विचार करा. न्यू हेवनच्या कारभाऱ्यांनी जो विचार प्रश्नपत्रिका काढण्याआधी करायचा, तो निकाल हाती आल्यावर केला. त्यामुळे कष्ट करून उत्तीर्ण झालेल्यांवर अन्याय झाला आणि परीक्षेच्या घडणीतला दोष असलाच, तर तोही शोधायचा राहिला.

पहिले तत्त्व आपल्याकडेही मान्य झालेले आहे. खेळ सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत, हे सूत्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मंजुश्री यांच्या खटल्यात मांडले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेजप्रकाश पाठक यांच्या खटल्यात ते कायम केले. निवडीच्या प्रक्रियेला आरंभ झाल्यावर, मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, पात्रतेच्या अटी मध्येच बदलता येत नाहीत. हे खटले नोकरभरतीचे होते. तरी त्यांतील न्यायबुद्धी बढतीलाही तितकीच लागू पडावी.

दुसरे तत्त्व, म्हणजे गुणवत्ता कशाला म्हणावे, याचा ऊहापोह तर कर्नाटकातूनच गेलेल्या एका प्रकरणात झाला. बढतीतील आरक्षणाने वर आलेल्यांच्या ज्येष्ठतेविषयी कर्नाटकाने २००२ साली कायदा केला. पुरेशी आकडेवारी न मांडता केलेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ साली रद्द केला. राज्याने माहिती गोळा करून २०१८ साली नवा कायदा केला आणि १० मे २०१९ रोजी तो न्यायालयाने ग्राह्य धरला. हीच ती बी. के. पवित्रा प्रकरणे. दुसऱ्या निकालात न्यायालयाने म्हटले त्याचे सार असे: कारभाराची कार्यक्षमता परीक्षेतल्या गुणांच्या संकुचित मापाने मोजता येत नाही, समाजातील विविध घटकांना सामावून घेणारा कारभारही कार्यक्षमच असतो. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. परंतु गुण आणि गुणवत्ता हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे आपल्या शिक्षकांनी आपल्याला फार पूर्वीच सांगितले होते.

आता आपण आपल्या भागात येऊ. कोगनोळीचा नाका ओलांडला की अग्निशमन दलाची सारी रचनाच बदलते. कोल्हापुरात बंब महापालिकेचा असतो, कारण महाराष्ट्रात ही सेवा मुख्यतः नगरपालिका-महापालिकांकडे आहे. निपाणी आणि बेळगावात ती राज्य सरकारची आहे. त्या वेळच्या म्हैसूर राज्यात १९६४ साली झालेल्या कायद्याने राज्यभराचे एकच दल उभे राहिले. तेव्हा निपाणीच्या जवानाची बढती निपाणीत ठरत नाही, ती राज्याच्या पातळीवर ठरते. याचा लाभ असा की, गावच्या पुढाऱ्याचा हात तेथवर सहजी पोचत नाही. तोटा असा की, ठरवणाऱ्याला निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या अरुंद गल्ल्या कागदावरच दिसतात.

आणि मग भाषेचा प्रश्न येतो. सीमाप्रश्नावर मी आज बोलणार नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाचा विषय आहे. मी बोलणार आहे ते परीक्षेतल्या भाषेविषयी. कर्नाटकात १९७४ च्या नियमांन्वये राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी सेवाविषयक परीक्षांबरोबर कन्नड भाषेची परीक्षा आहे. महाराष्ट्रातही अमराठी कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा आहे. राज्याचा कारभार ज्या भाषेत चालतो ती भाषा अधिकाऱ्याला यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. आगीचा अहवाल लिहायचा, वरिष्ठांशी बोलायचे, चौकशीत साक्ष द्यायची, तर कन्नड हवीच. आपल्या मुलांनी ती मन लावून शिकावी, असे मी या व्यासपीठावरून आग्रहाने सांगतो.

परंतु येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. भाषेची परीक्षा ही भाषेची परीक्षा असावी आणि आगीची परीक्षा ही आगीची. तेल पेटले असता पाण्याचा झोत का मारू नये, कोंदलेल्या धुराच्या खोलीचे दार एकदम का उघडू नये, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, पण ज्याचे शालेय शिक्षण मराठीतून झाले, तो परभाषेतील लांबलचक प्रश्न उलगडण्यातच अर्धा वेळ घालवत असेल, तर त्याच्या उत्तरावरून त्याचे कोणते ज्ञान मोजले गेले? १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी केंद्र सरकारने जे निवेदन काढले, त्यात हा भेद स्पष्ट आहे. सेवेत घेताना राज्यभाषेची पूर्वअट असू नये, निवड झाल्यावर उमेदवारीच्या काळात त्या भाषेची परीक्षा घ्यावी, असे त्याने सुचविले होते. ते नेमणुकीपुरते होते. तरी भाषा आणि कामाची पात्रता वेगवेगळ्या तराजूत तोलावी, हा त्यातला विचार बढतीलाही लागू पडतो.

या विचाराची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. निपाणीत रात्री दोन वाजता घर पेटले, तर माडीवरची म्हातारी कोणत्या भाषेत हाक मारील? बहुधा मराठीत. शेजारच्या खेड्यात हाक येईल ती ‘बेंकी, बेंकी’ अशी. आत किती माणसे आहेत, गॅसची टाकी कोठे आहे, मागचे दार कोणत्या बोळात उघडते, हे विचारायला आणि उत्तर समजायला अधिकाऱ्याला दोन्ही भाषा लागतात. या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही येणे हे आग विझवण्याच्या कामाचे कौशल्यच आहे, भाषाभिमानाचा येथे संबंध नाही. मराठी जवानाला कन्नड येते की नाही हे जसे तपासावे, तसेच या भागात नेमणूक होणाऱ्या कन्नड अधिकाऱ्याला मराठी किती येते, यालाही काही मोल असावे. काम जे मागते, ते मोजावे. मग तो नियम कोणाच्या बाजूचा आहे, असा संशय कोणी घेणार नाही.

तेव्हा बढतीची कोणतीही परीक्षा न्याय्य आहे काय, हे पाहताना तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवितो. एक, त्या पदावर रोज जे करावे लागते, त्याच्याशी प्रश्नांचा संबंध आहे काय? अग्निशमन दलात याचा अर्थ लेखी पत्रिकेच्या जोडीला प्रत्यक्ष प्रसंग उभा करून घेतलेली कसोटी. दोन, अभ्यासाची साधने, पुस्तके आणि रजा सर्वांना सारखी मिळते काय? दूरच्या ठाण्यावर पाळी करणाऱ्या जवानाला नियमावली पाहायलाही मिळत नसेल आणि मुख्यालयातल्याला ती हाताशी असेल, तर पत्रिका एकच असूनही परीक्षा एक राहत नाही. तीन, भार, उत्तीर्णतेची मर्यादा आणि ज्येष्ठतेचे स्थान हे सारे आधी लेखी ठरले आहे काय, आणि नापास झालेल्याला आपली उत्तरपत्रिका पाहता येते काय?

या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाले, तरी कोणीतरी मागे राहीलच. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे बदलणार नाही. परंतु न्याय्य परीक्षेत मागे राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी नव्या प्रमुखाच्या हुकुमावर निमूटपणे धुरात शिरतो, कारण तो आपल्याहून योग्य आहे हे त्याला पटलेले असते. परीक्षा खरी की खोटी, याची साक्ष मला यादीतल्या पहिल्या नावापेक्षा या मागे राहिलेल्या माणसाच्या मनात अधिक मिळेल असे वाटते.

येथे बसलेल्यांपैकी काहीजण उद्या प्रश्नपत्रिका काढतील, काहीजण त्या सोडवतील, काहीजण एखाद्या खात्याचे नियम लिहितील. लिहिताना दूरच्या ठाण्यावरचा तो एक जवान डोळ्यांपुढे ठेवा, एवढीच विनंती.