तारीख विचारावी



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘थोरांची वचने आणि आपले जगणे’. विषय ऐकल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोन-तीन जणांनी खुर्चीत पाठ टेकली, ती मी पाहिली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक, उजवीकडे पट आणि हजेरी, मधोमध ‘आजचा सुविचार’. तो मुलांनी आळीपाळीने लिहायचा. कुणी दिनदर्शिकेच्या मागून आणायचा, कुणी वहीच्या मलपृष्ठावरून. एकदा एका मुलाला मी म्हटले, “अरे, हे वाक्य कधी बोलले गेले, तेही खाली लिही की.” त्याने फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. “सर, तारीख आहे की वर!”

वर्ग हसला, मीही हसलो. पण पोर खरे बोलून गेले. आपल्या लेखी सुविचाराची तारीख नेहमी आजचीच असते. आता तर तो फळा मोबाइलवर आला आहे. पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलावर वाक्य येते आणि खाली बहुधा व. पु. काळे. वपुंनी लिहिले पुष्कळ, पण त्यांच्या नावावर रोज जे जमा होते आहे तेवढे एका माणसाच्या हातून लिहून होणे नाही.

तारीख विचारली तर काय दिसते? बाबासाहेबांचे ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ घ्या. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे ब्रीद इंग्रजीत होते: एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. मराठीत येताना दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दाने जागा बदलल्या. ॲजिटेटचा आपण संघर्ष केला, आणि संघर्ष एकट्याने होत नाही, म्हणून संघटना आधी घेतली. समजण्यासारखे आहे. पण त्या शब्दात ढवळून निघणेही आहे. शिकलेल्याचे मन आधी ढवळले पाहिजे, मग संघटना. नाहीतर शिक्षण, शिक्षणातून नोकरी, नोकरीतून पतपेढी, पतपेढीची वार्षिक सभा आणि अल्पोपाहार! हे माझे वाचन झाले. कुणी वेगळे सांगितले तर ऐकेन.

पण आज मला थांबायचे आहे ते टिळकांपाशी. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे वाक्य होमरूलच्या चळवळीत, १९१६ च्या सुमारास, घराघरांत गेले. त्या ‘मिळवणारच’मधला ‘च’ आपल्याला फार आवडतो. वक्तृत्व स्पर्धेत मुले त्या ‘च’वर हात उंचावतात. मला मात्र त्या ‘च’च्या आठ वर्षे आधीचे, विनाहाताचे एक वाक्य जास्त मोठे वाटते.

१९०८ चा जुलै. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला. न्यायासनावर न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते. या वेळी जामीन नाही. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, इंग्रजीत, अनेक दिवस मिळून २१ तासांच्या वर. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ‘दोषी’ असा निकाल आला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण व्हायची होती. मधुमेह होता. काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर ते जे बोलले त्याचे मराठी साधारण असे होईल: ज्यूरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोष आहे असेच माझे म्हणणे आहे. माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य ठरवणाऱ्या याहून श्रेष्ठ शक्ती आहेत; मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांनीच माझे कार्य अधिक वाढावे, अशीही ईश्वराची इच्छा असेल.

शेवटचे क्रियापद पाहा. ‘असेल.’ ‘आहेच’ नाही. समोर काय वाढून ठेवले आहे हे दिसत असताना हा माणूस खात्रीची भाषा करत नाही, शक्यतेची करतो. आणि त्या शक्यतेवर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा घेतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना लिहायला शाई नव्हती. पाने मोजून दिलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्याच पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले. १९१२ मध्ये इकडे पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ते कळले तुरुंगात. जून १९१४ मध्ये सुटका. म्हणजे ‘असेल’पासून ‘मिळवणारच’पर्यंतचा रस्ता मंडालेवरून जातो. आपण दिनदर्शिकेवर फक्त शेवटचे स्टेशन छापतो.

१९०८ चे ते वाक्य मुंबई उच्च न्यायालयात, ज्या कोर्टात ते बोलले गेले त्याच्या बाहेर संगमरवरावर कोरलेले आहे. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीत, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या पाटीचे अनावरण केले. निवृत्तीनंतर एकदा मी मुद्दाम बघायला गेलो. इंग्रजीतली वाक्ये, मी चष्मा पुसून दोनदा वाचली. काळे कोट येत-जात होते. फायलींचा गठ्ठा छातीशी धरून चाललेला एक कारकून माझ्याजवळ थांबला. बराच वेळ मी तिथेच उभा असल्याचे त्याने पाहिले असावे. आपुलकीने म्हणाला, “काका, आज तारीख आहे का तुमची?”