नंबर डोळ्याचा, चष्मा माणसाचा



याच चांदूर बाजार तालुक्यात माधान येथे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज राहिले. १८८१ मध्ये जन्मलेल्या आणि तान्हेपणीच दृष्टी गमावलेल्या या सत्पुरुषाने १९१५ पर्यंतच्या अल्प आयुष्यात इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि स्वतःही विपुल ग्रंथरचना केली. त्यांच्या मुलखात चर्मचक्षूंविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्ट्यच. परंतु प्रज्ञाचक्षू शतकात एखाद्यालाच लाभतात. आपणा बाकीच्यांना चष्म्याच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. तेथे काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाचे काम काय, एवढाच आजचा विषय आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की, डॉक्टर नंबर काढून देतात आणि आम्ही चष्मेवाले काच घासून फ्रेममध्ये बसवितो. मग त्यात शिकण्यासारखे ते काय? आमचे म्हणणे एवढेच आहे की, चिठ्ठीवरचा नंबर हा डोळ्याचा असतो. चष्मा मात्र माणसाला द्यावयाचा असतो. या दोहोंमधले अंतर भरून काढणे हाच आमचा धंदा.

आपल्या भाषेने चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव दिले, ते मोठे मार्मिक आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे दिसेनासे होते. वर्तमानपत्र हातभर लांब धरले की समजावे, वेळ झाली. पुढे साठीच्या सुमारास जवळ पाहण्याची ही शक्ती बहुतेक संपलेली असते. अशा वयाची, लांबची नजर चांगली असलेली तीन माणसे घ्या. वर्तमानपत्र वाचणारा ते ४० सेंटिमीटरवर धरतो. त्याला अडीच नंबर लागतो. शिंप्याचे काम ५० सेंटिमीटरवर चालते. त्याला दोन पुरे. सोनार दागिना ३३ सेंटिमीटरवर आणतो. त्याला तीन हवा. हिशेब सोपा आहे: १०० सेंटिमीटरला कामाच्या अंतराने भागावे. डोळे सारखे, वय सारखे, चष्मे मात्र तीन. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘फ्रेम कोणती दाखवू?’ हा नसावा. ‘आपण काम काय करता आणि ते किती अंतरावर धरता?’ हा असावा.

संत्र्याच्या बागेत शिडीवर चढून फळे तोडणाऱ्याला दुहेरी काचेचा चष्मा दिला, तर खाली पाहताना त्याची नजर वाचनाच्या भागातून जाईल आणि शिडीची पायरी धूसर दिसेल. नंबर बिनचूक असूनही माणूस पडावयाचा! त्याला लांबच्या कामासाठी निराळा चष्मा सुचविणे हे आमचे काम आहे.

दुसरी गोष्ट मापाची. काचेचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो. पाच नंबरची काच चार मिलिमीटर सरकली, तर एक मीटरवरची वस्तू दोन सेंटिमीटर बाजूला असल्यासारखी डोळ्याला भासते. डोळे ओढाताण करून ते सावरतात आणि संध्याकाळी कपाळ दुखू लागते. रस्त्यावर तयार मिळणाऱ्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि मध्य ठरावीक. आपले डोळे तसे असतील तर ठीक. पण तसे आहेत की नाहीत हे मोजणार कोण?

तिरप्या नंबराचे प्रकरण आणखी नाजूक. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डोळ्याचा हा दोष मोजून त्यासाठी काच घडवून घेतली. अशा काचेला अक्ष असतो. तो ३० अंशांनी चुकला, तर दोष जेवढा होता तेवढाच शिल्लक राहतो, केवळ त्याची दिशा बदलते. म्हणजे पैसे खर्चून पदरात काही पडत नाही. वाकडी झालेली फ्रेमदेखील अक्ष थोडाफार फिरविते. म्हणून काडी वाकली की ती नीट करून घ्यावी. दोरा बांधून वर्ष काढू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या कामाला एक सीमा आहे, आणि ती ओळखणे हा या विद्येचा अर्धा भाग होय. काचबिंदूत बहुधा वेदना होत नाही. कडेची दृष्टी हळूहळू जाते आणि समोरची अक्षरे पुष्कळ दिवस स्पष्ट दिसत राहतात. असा माणूस दुकानातच नंबर तपासून नवा चष्मा घेत राहिला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. कोणाचा नंबर वरचेवर बदलत असेल, तर रक्तातील साखर तपासावयास सांगावी. अचानक पडदा आल्यासारखे वाटले किंवा विजेसारखे चमकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडावे. त्या दिवशी चष्मा न विकणारा चष्मेवालाच खरा.

यात नुसत्या सोयीचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ मजुरांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानांची खुडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेने सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. कपाशी वेचणाऱ्या आणि तांदूळ निवडणाऱ्या आपल्याकडच्या बाया ‘आता वय झालं’ म्हणून गप्प बसतात. घरात पहिला चष्मा बाबांचा, दुसरा मुलाचा, आणि आईचा? तिला बाबांचा जुना! ही चाल मोडली पाहिजे.

तरुणांना या धंद्यात यावेसे वाटले, तर बारावीनंतर दृष्टिमापनाचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने दृष्टिमापकास आरोग्यव्यवसायिकांत स्थान दिले आहे. ब्रिटनमध्ये तर चष्मा घडवून देणाऱ्याचीही नोंदणी १९५८ च्या कायद्यापासून होते. आपल्याकडे काउंटरमागचा माणूस पुष्कळदा उमेदवारी करूनच शिकतो. उमेदवारी वाईट नव्हे. परंतु हाताला माप आणि मापाला शास्त्र यांची जोड हवी. गणिताची भीती नसावी, बोट स्थिर असावे आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकून घेण्याइतका धीर असावा. चष्मा चेहऱ्यावर राहिला तर आमचे काम झाले. पेटीत राहिला तर नंबर कितीही बरोबर असो, काम फसले.

तेव्हा श्रोतेहो, उद्या दुकानात जाल तेव्हा भाव अवश्य करा. परंतु त्याआधी तो तुम्हाला तुमचे काम विचारतो की नाही आणि बुबुळांमधले अंतर मोजतो की नाही, हे पाहा. मोजत नसेल, तर मोजावयास सांगा.