भरतीचे घड्याळ



आजची भरती केव्हा, हे कोकणातल्या कोळ्याला पंचांग उघडून पाहावे लागत नाही. कालच्या वेळेत सुमारे पन्नास मिनिटे मिळविली की आजची वेळ आली. हा हिशेब त्याला बापाने शिकविला. परंतु किनाऱ्याच्या वाळूत राहणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवालाही तो येतो. तो त्याला कोणी शिकविला, हा आजचा आमचा विषय आहे.

प्रश्न जुना आहे. १९४८ साली अमेरिकेत फ्रँक ब्राउन आणि वेब यांनी एक मोठी नांगी मिरविणारा खेकडा काळोखात ठेवला. सूर्य दिसत नसतानाही तो दिवसा काळसर आणि रात्री फिकट होत राहिला. मौज पुढेच आहे. पाणी ६ अंशांवर ठेवा की २६ अंशांवर, त्याचा दिवस चोवीस तासांचाच! रासायनिक क्रिया तर दहा अंश उष्णता वाढली की दुपटीच्या आसपास वेग घेते. मग हे घड्याळ रसायनाचे कसे असेल? ब्राउन पुढे असे मानू लागले की, खेकड्याला सूर्यचंद्रांच्या फेऱ्यांचे सूक्ष्म संकेत बाहेरून मिळत असले पाहिजेत. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. आम्हांला ती रुचत नाही. उत्तर टिकले नाही, पण प्रश्न सोपा नव्हता.

१९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीचे एकच जनुक बिघडलेले वाण शोधून काढले. त्यातल्या एका वाणाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला ताल असा नाहीच. संकेत आकाशातून येत असता, तर माशीच्या एका जनुकाने तो कसा बदलला असता? त्या जनुकाला ‘पीरियड’ हे नाव मिळाले.

घड्याळाची रचना आपल्या हौदातल्या तरंगत्या गोळ्यासारखी आहे. ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही दोन प्रथिने मिळून नळ सोडतात, म्हणजे काही जनुकांना कामाला लावतात. त्यांतून निघालेली प्रथिने साचत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तो नळ बंद करतात. ती झिजून गेली की नळ पुन्हा सुटतो. या फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो.

आता तो तांदळाचा दाणा. त्याचे नाव युरिडाइस पुल्क्रा, आणि गोत खेकड्या-कोळंबीचे. भरती आली की तो वाळूतून निघून पोहतो, आणि ओहोटी लागली की पुन्हा वाळूत शिरतो. प्रयोगशाळेत, समुद्रापासून दूरही, तो सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पोहायला निघतो. शिवाय अंगावरच्या रंगपेशींचा चोवीस तासांचा ताल आहेच. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याच्या ‘पीरियड’ जनुकाचे काम दाबून पाहिले. रंगाचा ताल विस्कटला, पण पोहणे भरतीच्या वेळेवरच चालू राहिले! मात्र ‘केसीन कायनेज’ नावाच्या विकराला रोखणारे औषध दिले, तेव्हा दोन्ही ताल मंदावले. म्हणजे घड्याळे दोन खरी, पण कारागीर कुठे तरी सामाईक असावा. आणखी एक गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. या प्राण्यात नळ बंद करण्याचे मुख्य काम ‘क्रिप्टोक्रोम-२’ नावाचे प्रथिन करते. ही रीत माशीपेक्षा तुमच्याआमच्या पेशींना अधिक जवळची आहे.

पुढचा पुरावा २०२३ साली आला, दुसऱ्या एका किनारी प्राण्यात, पॅरहायले हवाईएन्सिसमध्ये. त्याचे ‘बीमॅल-१’ जनुक कात्रीने कापावे तसे कापून निकामी केले, तर भरतीचा ताल नाहीसा झाला. नळ सोडणाऱ्या दोघांपैकी हा एक. तोच भरतीच्या घड्याळालाही लागतो. २०२५ साली या दोन्ही प्राण्यांचे मेंदू तपासले गेले. त्यांतील काही पेशींत घड्याळाच्या जनुकांचे काम दिवसाच्या तालावर वरखाली होताना आढळले, आणि दुसऱ्या काही पेशींत भरतीच्या. जनुके तीच असताना एका पेशीत फेरा चोवीस तासांचा आणि दुसरीत त्याच्या अर्ध्याहून किंचित अधिक का, हे शोधण्याचे काम आता चालू आहे.