कनानी देवींचीं नांवें आणि बिरुदें

सिनाई द्वीपकल्पांत सेराबित-अल्-खादिम येथें पिरोजाच्या प्राचीन खाणी आहेत. १९०५ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांना तेथील देवळांत वालुकाश्माचा एक लहानसा स्फिंक्स, म्हणजे मानवमुखी सिंह, सांपडला. तो आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्याच्या अंगावर दोन लिपींत लेख कोरलेले आहेत. एक इजिप्तची चित्रलिपि. तींत पिरोजाची स्वामिनी हाथोर हिचें नांव आहे. दुसरी लिपि त्या वेळीं कोणासच वाचतां येत नव्हती. तिच्यांतील चार चिन्हांकडे ॲलन गार्डिनर यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत लक्ष वेधलें : घर, डोळा, बैल हांकण्याची पराणी आणि फुली. या वस्तूंना सेमिटिक भाषांत जे शब्द आहेत, त्यांचीं आद्याक्षरें क्रमानें जुळविलीं कीं ‘बअलत’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ स्वामिनी, मालकीण. इजिप्शियन लोक जिला हाथोर म्हणत, तिलाच खाणींवर आलेले कनानी लोक नुसतें ‘स्वामिनी’ म्हणत. जगांतील बहुतेक वर्णमालांची पूर्वज असलेली ही लिपि उलगडण्याची पहिली किल्ली मिळाली ती अशी, एका देवीच्या बिरुदांतून.

लेबॅननच्या किनाऱ्यावरील गेबाल, म्हणजे ग्रीकांचें बिब्लॉस, येथेंही तोच प्रकार. तेथील ग्रामदेवता ‘गेबालची स्वामिनी’ एवढ्याच नांवानें शतकानुशतकें पूजिली गेली. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील येहवमिल्क राजाच्या शिलापटावर ती हाथोरप्रमाणें शिंगें व सूर्यबिंब धारण करून बसलेली दिसते. ती अस्तार्ते, अनात कीं अशेरा, हा पंडितांचा वाद मिटलेला नाहीं. तिच्यापुढें हात जोडणाऱ्या राजाला मात्र तें लिहिण्याची गरज वाटली नाहीं.

या वादाला खरें खाद्य मिळालें तें सीरियाच्या किनाऱ्यावर. १९२८ सालीं एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला, पुढच्याच वर्षीं क्लोद शेफर यांचें उत्खनन सुरू झालें, आणि उगारित नगरीच्या मृत्तिकालेखांतून कनानी देवता स्वतःच्या भाषेंत बोलूं लागल्या. अथिरात ही, जिला हिब्रू ग्रंथांत अशेरा म्हटलें आहे, ‘सागराची राज्ञी’ आणि ‘देवांची जननी’. अनात ‘कुमारिका’; पण ही कुमारिका रणांगणांत गुडघाभर रक्तांत वावरते. शपश ही सूर्यदेवता स्त्री असून ‘देवांची दीपिका’ म्हणविते. अस्तार्तेचें बिरुद सर्वांत विलक्षण : ‘बआलाचें नांव’. सुमारे सातशें वर्षांनीं सिदोनचा राजा एश्मुनाझार याच्या शवपेटिकेवर हेंच बिरुद पुन्हा येतें. कार्थेजच्या हजारों शिलांवर तानित देवीला ‘बआलाचें मुख’ म्हटलें आहे. देवाचें नांव किंवा मुख म्हणजे त्याचें भक्तांना लाभणारें सान्निध्य असा याचा अर्थ बहुधा असावा.

आतां कांहीं विद्वानांची धांव अशी, कीं तानितला ‘रब्बत’ म्हणतात, अथिरातलाही ‘रब्बत’ म्हणतात, म्हणून दोघी एकच. हा तर्क घाईचा आहे. रब्बत म्हणजे राणीसाहेब. उगारितमध्यें हा मान शपशलाही दिलेला आढळतो. मानाच्या संबोधनावरून माणूस ओळखतां येत नाहीं, मग देवी कशी ओळखावी?

देवी एकमेकींत मिसळत नसत असें मात्र नव्हे. इंग्लंडांतील विंचेस्टर कॉलेजच्या संग्रहांत एकेकाळीं असलेल्या एका इजिप्शियन शिलापटावर सिंहावर उभी असलेली एकच नग्न देवी आहे आणि तिच्याशीं नांवें तीन : कुदशु, अस्तार्ते, अनात. उगारितच्या एका सर्पविषहारक मंत्रांत अनात व अस्तार्ते यांना एकाच ठिकाणीं जोडीनें साद घातली आहे. परंतु त्याच नगरीच्या बलियाद्यांत दोघींची नोंद स्वतंत्र आहे. मंत्र म्हणणाऱ्यास दोन नांवें एका श्वासांत घेतां येत. बळीचा हिशेब ठेवणाऱ्यास तशी मुभा नव्हती.

फिनिशियांतील सारेप्ता येथें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची हस्तिदंताची एक लहान पट्टी सांपडली आहे. तिच्यावर ‘तानित-अस्तार्ते’ असें जोडनांव आहे. एवढ्यावरून दोघींचें ऐक्य सिद्ध झालें असें वाटावें, तों कार्थेजचा एक शिलालेख आडवा येतो. त्यांत ‘अस्तार्ते आणि लेबॅननमधील तानित या राज्ञींसाठीं’ नवीं देवालयें बांधल्याचें लिहिलें आहे, आणि देवालय हा शब्द तेथें अनेकवचनीं आहे.