उत्प्रेरक कणांवरील किटण



तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर कथिल लावण्यापूर्वी काय करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आजचा विषय फारसा अपरिचित वाटणार नाही. तो भांडे घासून काढतो, भट्टीवर तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने ती आतून फिरवितो. पांढरा धूर निघतो, धातूवरचे काळपट किटण नाहीसे होते आणि मगच कथिल धरते. तापलेल्या नवसागरातून सुटणारा अम्लवायू धातूच्या ऑक्साइडाचा थर खातो, हे रसायनशास्त्र त्या कारागिराने पुस्तकात वाचलेले नसते. परंतु काम होते ते धातूच्या उघड्या पृष्ठभागावर, झाकलेल्यावर नव्हे, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. प्लॅटिनम, पॅलेडियम, सोने यांसारख्या महाग धातूंच्या अतिसूक्ष्म कणांबाबत नेमका हाच प्रश्न गेली काही दशके जगभरच्या प्रयोगशाळांपुढे उभा आहे.

उत्प्रेरक म्हणजे रासायनिक विक्रियेचा वेग वाढविणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. ‘कॅटॅलिसिस’ ही संज्ञा स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली रूढ केली. तेलापासून वनस्पती तूप करताना वापरले जाणारे निकेल, मोटारीच्या धुरातील विषारी वायू निवविणारे प्लॅटिनम व पॅलेडियम, ही उत्प्रेरकांची नित्याची उदाहरणे होत. यात विक्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर. आतले अणू नुसते बसून असतात. म्हणून धातूचे जितके बारीक कण करावे तितका त्याचा उपयोग अधिक.

किती अधिक, ते साध्या गणिताने कळते. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन केला तर त्याची बाजू साडेतीन मिलिमीटरांहून किंचित जास्त भरते आणि सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरही होत नाही. त्याच एका ग्रॅमचे तीन नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर एकूण पृष्ठभाग नव्वद चौरस मीटरांच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ हजार चौरस फुटांच्या घराची जमीन झाली. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. इतक्या लहान कणात सुमारे एकतृतीयांश अणू पृष्ठभागावर येतात. एरवी निष्क्रिय म्हणून ख्याती असलेले सोनेदेखील या आकारात कामाला लागते. जपानमधील मासाताके हारुता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की, सोन्याचे असे कण योग्य ऑक्साइडावर बसविल्यास ते शून्य अंशाच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीकरण घडवितात.

मात्र असे कण स्वभावतः एकटे राहत नाहीत. ते एकमेकांना चिकटून मोठे होऊ पाहतात आणि मोठे झाले की मिळविलेला पृष्ठभाग गेला. म्हणून कण तयार करतानाच विद्रावात एखादा रक्षक पदार्थ घालावा लागतो. तो कणाभोवती वेढा घालतो आणि कणाला कणापासून दूर ठेवतो. टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली वर्णन केलेल्या पद्धतीत सोडियम सायट्रेट हे काम करते. आज पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, पॉलिव्हिनिल अल्कोहोल, ओलेइलअमाइन, गंधकयुक्त थायॉल अशी कितीतरी द्रव्ये वापरात आहेत. कणांचा आकारही हीच द्रव्ये ठरवितात. यांच्यावाचून चांगले कण होत नाहीत, आणि कण झाल्यावर हीच त्यांच्या आड येतात. विक्रिया करू पाहणाऱ्या रेणूला धातूपर्यंत वाट मिळत नाही. महाग धातू विकत घ्यावा, मेहनतीने त्याचे सूक्ष्म कण करावेत आणि ते कापडात गुंडाळून वापरावेत, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशात प्लॅटिनम व त्याच्या कुळातील धातू बहुतांशी आयात होतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. पाण्याच्या विघटनाने हायड्रोजन मिळविण्याच्या एका प्रमुख प्रकारच्या यंत्रांत प्लॅटिनम व इरिडियम लागतात. तेव्हा कणांवरचे किटण काढण्याचा प्रश्न परीक्षानळीपुरता राहत नाही. त्यात परकीय चलनही गुंतलेले आहे.

किटण काढण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे जाळणे. उत्प्रेरक हवेत दोनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापविला की सेंद्रिय थर जळून जातो. उपाय सोपा आहे आणि कारखान्यात सहज करता येतो. परंतु ज्या उष्णतेने किटण जाते तिनेच कण हालू लागतात, एकमेकांत मिसळतात, मोठे होतात. हवा अपुरी पडली तर थर जळण्याऐवजी त्याचा कोळसा होतो, आणि हा कोळसा मूळ थरापेक्षाही चिवट असतो. धुण्यासाठी दिलेले वस्त्र परीटघडीचे होऊन यावे ते आटूनच यावे, तसे होते.

दुसरा मार्ग जंबुपार किरणांचा. पाऱ्याच्या दिव्यातून येणाऱ्या १८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी हवेतील ऑक्सिजनापासून ओझोन बनतो, २५४ नॅनोमीटरचे किरण तो ओझोन फोडतात आणि सुटणारा आणविक ऑक्सिजन सेंद्रिय थराला खाऊन टाकतो. हे सर्व नेहमीच्या तापमानालाच घडत असल्यामुळे कण फारसे हालत नाहीत. पण किरण जेथे पोचतील तेथेच त्यांचे काम. सच्छिद्र आधारद्रव्याच्या खोल भेगांत दडलेला कण तसाच राहतो, आणि उघड्यावरच्या धातूचे मात्र थोडे ऑक्सिडीकरण होऊन बसते. सपाट पट्टीवरच्या नमुन्यांना हा उपाय उत्तम. पोतेभर उत्प्रेरकाला तो लागू पडेल असे वाटत नाही.

अधिक शहाणपणाचा मार्ग म्हणजे थराचा स्वभाव ओळखून त्याला सोडविणे. ओलेइलअमाइन हे अल्कधर्मी आहे. त्याला अम्ल भेटले की त्याची धातूवरची पकड सुटते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात २००९ साली पॅलेडियमचे असे कण ॲसिटिक अम्लाने, म्हणजे शिरक्यात असते त्याच अम्लाने, धुऊन घेण्यात आले आणि फॉर्मिक अम्लाच्या ऑक्सिडीकरणात ते कार्यक्षम ठरले. त्याहून साधा उपाय २०११ साली ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. पॉलिव्हिनिल अल्कोहोल पाण्यात विरघळते, ही गोष्ट सर्वांना ठाऊकच होती. त्यांनी टिटॅनियम ऑक्साइडावर बसविलेले सोन्याचे कण गरम पाण्यात ठेवले. रक्षक थराचा बराच भाग पाण्याबरोबर निघून गेला, कणांच्या आकारात फारसा फरक पडला नाही आणि कार्बन मोनॉक्साइडाच्या ऑक्सिडीकरणात उत्प्रेरकाची क्षमता वाढली. भट्टीने जे साधताना नुकसान होत होते ते गरम पाण्याने जवळजवळ नुकसानीवाचून साधले. अर्थात थायॉलसारखा गंधकाने जखडलेला थर पाण्याला दाद देणार नाही. तेथे वेगळे औषध लागते.

सर्वच किटण सेंद्रिय नसते. सोन्याचे कण बहुधा क्लोरोऑरिक अम्लापासून केले जातात आणि त्यातील क्लोराइड मागे राहते. हे क्लोराइड विक्रियेच्या जागा अडविते व तापविताना कणांच्या एकत्र येण्यास हातभार लावते. त्यामुळे उत्प्रेरक पुन्हा पुन्हा पाण्याने धुतात. धुणे पुरे झाले की नाही, हे पाहण्याची कसोटी श्रोत्यांपैकी विज्ञान शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे: धुवणाच्या पाण्यात थोडे विरल नायट्रिक अम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव घालावा, पांढरा साका आला तर क्लोराइड अजून निघत आहे. साका येणे थांबले म्हणजे पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ झाला असे मात्र नव्हे. घट्ट चिकटलेले क्लोराइड पाण्यात उतरतच नाही. काही प्रयोगशाळांत त्यासाठी अमोनिया वापरतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. सोन्याची लवणे व अमोनिया यांच्यापासून स्फोटक संयुग तयार होऊ शकते, म्हणून हा प्रयोग शाळा-महाविद्यालयांत कोणीही करू नये.

प्लॅटिनमच्या बाबतीत अधिक काटेकोर कसोटी विद्युत् रसायनाने दिली आहे. विरल सल्फ्यूरिक अम्लात धातूवर हायड्रोजनाचा एकेरी थर बसविला की लागलेला विद्युत् भार मोजता येतो. एक चौरस सेंटिमीटर स्वच्छ प्लॅटिनमला तो २१० मायक्रोकूलोम धरतात. झाकलेल्या जागेवर हायड्रोजन बसत नाही, म्हणून मोजलेला भार उघड्या क्षेत्राचा हिशेब देतो. एखाद्या नव्या कणाची कार्यक्षमता कमी आढळली तर दोष धातूचा की त्यावरील किटणाचा, हे या मोजणीवाचून सांगणे धाडसाचे ठरेल. दोन उत्प्रेरकांची तुलना करताना एक धुतलेला आणि दुसरा न धुतलेला असेल, तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

स्वच्छ केलेला पृष्ठभाग वापरात पुन्हा मळतो, हे निराळेच. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक करण्यात आले, तेव्हा त्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोलही पुरवावे लागले. कारण धुरातील शिसे प्लॅटिनमवर बसले की परिवर्तक निकामी होतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. येथे किटण काढण्यापेक्षा ते येऊ न देणे सोयीचे ठरले.

उलट काही वेळा किटण मुद्दाम ठेवतात. लिंडलर यांनी १९५२ साली वर्णन केलेल्या उत्प्रेरकात पॅलेडियमवर शिसे व क्विनोलीन यांचा अंकुश ठेवलेला असतो. त्यामुळे हायड्रोजनाची भर अर्ध्यावर थांबते आणि हवा तोच पदार्थ हाती येतो. तेव्हा सगळेच खरवडून काढावे, असा सरसकट नियम करता येत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नाला एक वेगळे वळण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ साली गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी चपटे सूक्ष्म कण तयार करून दाखविले. तेव्हापासून कडुलिंब, तुळस, आवळा अशा वनस्पतींच्या अर्कांनी धातूचे कण करण्याचे प्रयोग अनेक महाविद्यालयांत होऊ लागले. साहित्य स्वस्त, विषारी द्रव्ये कमी, ही त्यांची मोठीच जमेची बाजू आहे. परंतु वनस्पतीच्या अर्कात शर्करा, प्रथिने, टॅनिने अशी अनेक द्रव्ये एकत्र असतात आणि कणावर बसणारा थर त्या साऱ्यांचा मिश्र असतो. एकच ज्ञात द्रव्य असेल तर त्याला सोडविणारे द्रव्य शोधता येते. मिश्र थराला कोणते लावावे? कणांचा रंग पालटला, सूक्ष्मदर्शकात आकार दिसला, एवढ्यावर प्रकल्पाची वही मिटते. तोच कण धुण्यापूर्वी व धुतल्यानंतर एखाद्या साध्या विक्रियेत घालून वेळ मोजण्याचे काम पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल, आणि धुवणाचे पाणी मोरीत न ओतता बाटलीत साठविले तर त्यात गेलेला धातूही परत मिळविता येईल.