आठवीचा फॉर्म
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘शाळेने मला काय दिले’ यावर माझ्याआधी सगळे इतके छान बोलले, की मी त्यात भर घालत नाही. मी दुसरा विषय काढते. आठवीत टेक्निकल घ्यावं की नाही? इतक्या वर्षांनी हे कशाला, असं वाटेल. पण दुपारच्या सभेत आपल्या बॅचचा निधी कशासाठी द्यायचा ते ठरणार आहे. मैदानापलीकडच्या वर्कशॉपला कुलूप आहे आणि तिथे हॉल बांधावा अशी एक सूचना आली आहे. म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

आठवा जरा. सातवीचा निकाल लागला की आठवीचा फॉर्म यायचा. पहिल्या दहा-पंधरा नंबरांत असलेल्यांनी संस्कृत घ्यायचं, कारण संस्कृतला मार्क पडतात. ज्यांना गणित-इंग्रजी जड जातं त्यांनी टेक्निकल घ्यायचं. आणि आम्हा मुलींना टेक्निकलचं कोणी विचारायचंच नाही. संस्कृत नाहीतर शिवणकाम. यात कोणाला दोष द्यायचा नाही, तेव्हा बहुतेक शाळांत हीच रीत होती. पण त्यामुळे शाळेत असेपर्यंत मी वर्कशॉप फक्त खिडकीतून पाहिलं. कानस पहिल्यांदा हातात धरली ती दहावीनंतर, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला. वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. आज मी पॉलिटेक्निकमध्येच शिकवते.

आपल्यातल्या संस्कृतवाल्यांसाठी सांगते, की त्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे काय. कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती कापत नाही, म्हणून तेव्हा दाब काढून घ्यायचा. हे न कळलेला मुलगा दुप्पट दमतो आणि कानशीचे दातही घालवतो. आपल्या कंपासमधली पट्टी एक मिलिमीटर दाखवते. नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजता येतं. ‘जवळजवळ बसलं’ आणि ‘बसलं’ यांतला फरक तिथे कळतो.

ड्रॉइंगच्या तासाला एकच ठोकळा समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढायचं. आपल्याकडे प्रथम कोन पद्धत शिकवतात. तिच्यात वरून दिसणारी आकृती समोरच्या आकृतीच्या खाली येते. ठोकळा मनातल्या मनात फिरवता आल्याशिवाय ते जमत नाही. मग हा विषय गणित कच्चं असणाऱ्यांचा, हे आपण कशावरून ठरवलं?

विजेच्या तासाला जिन्यातल्या दिव्याची जोडणी असायची. खाली लावायचा, वर जाऊन बंद करायचा. त्यासाठी दोन टू-वे स्विच कसे जोडायचे ते आधी कागदावर, मग बोर्डावर. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब का? प्लग लावताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. घरात रोज प्लग लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

पहिल्या वर्षाला माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला एक फरक दिसतो. उत्तम टक्के घेऊन आलेला मुलगा जॉब करताना विचारतो, “मॅडम, अजून किती घासू?” शाळेत टेक्निकल केलेला मुलगा मोजतो, थोडं घासतो, गुण्या लावून उजेडात धरतो आणि परत मोजतो. त्याला मला विचारायची गरज पडत नाही. हुशारी दोघांत असते. आपलं काम आपणच तपासायची सवय मात्र दुसऱ्याला चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागलेली असते.

टेक्निकल घेतलेल्या सगळ्यांना ती लागते असंही मी म्हणणार नाही. जर्नल शेजाऱ्याचं उतरवलेलं, जॉब मोठ्या भावाने करून दिलेला, अशीही मुलं येतात. आणि संस्कृतशी माझं भांडण नाही. बाईंनी शिकवलेलं अजून पाठ आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण विषय निवडला नाही. आपल्या मार्कांनी तो आपल्यासाठी निवडला, आणि मुलींच्या बाबतीत तर मार्कही कोणी पाहिले नाहीत.

पालकांना वाटतं, टेक्निकल घेतलं की पुढच्या वाटा बंद. तसं नाही. दहावीला गणित आणि विज्ञान असतंच, त्यामुळे अकरावी सायन्सला जायला अडचण येत नाही. पॉलिटेक्निकला तर केलेलं उपयोगीच पडतं.

हा विचारही नवा नाही. १९३७ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याच्या परिषदेत, गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण द्यावं असं मांडलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून तयार झालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात शाळेतली मुलं यंत्रकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असं सगळंच प्रत्यक्ष काम करून शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर शिकावं असं म्हटलं आहे. कागदावर हे कित्येकदा आलं. आपल्या शाळेत ते व्हावं यासाठी कुलूप उघडावं लागेल.

म्हणून माझी सूचना अशी. आठवीच्या फॉर्मआधी सातवीच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला दहा शनिवार वर्कशॉपमध्ये न्यावं. चार शनिवार लाकूड, तीन शनिवार पत्रा आणि लोखंड, तीन शनिवार वीज. लेथ बंदच ठेवू, ती आठवीनंतरची गोष्ट. दहा शनिवार झाल्यावर ज्याला आवडेल त्याने टेक्निकल घ्यावं, ज्याला नाही आवडलं त्याने खुशाल संस्कृत घ्यावं. फॉर्म मुलाने भरावा, आईवडिलांनी सही करावी.

याला हॉलइतका पैसा लागणार नाही. रंधे, पटाश्या आणि करवती अजून कपाटात आहेत असं शिपाईमामा म्हणाले, धार मात्र लावावी लागेल. कानशी, करवतीची पाती, डोळ्यांचे गॉगल, सरावाचे वायरिंग बोर्ड आणि चांगली अर्थिंग नव्याने करावी लागेल. मोठा खर्च निदेशकाच्या मानधनाचा. तो एक वर्ष देऊन थांबण्यात अर्थ नाही, निदान पाच वर्षांची सोय करावी. शिवाय आपल्यातच फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारे आहेत, वायरमन आहेत. त्या वेळी ‘टेक्निकलवाला’ म्हणून ज्यांना आपण मागच्या बाकावरचे समजत होतो तेच. त्यांनी वर्षातला एकेक शनिवार दिला तर मुलांना पुस्तकापलीकडचं बरंच कळेल.

हॉलला माझा विरोध नाही. तो आणखी कुठे बांधता येईल. वर्कशॉप एकदा पाडलं की परत होणार नाही, एवढं लक्षात ठेवून दुपारी हात वर करा.

वर्कशॉपचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, सातवीला पहिल्या शनिवारी काय करायला द्यायचं ते तुम्हीच सांगा. आणि त्या दिवशी मलाही वर्गात बसायचं आहे.