गरोदरपणांतील मूत्रपिंडदाह

गरोदर स्त्रीच्या दुखण्याखुपण्याला घरांत एक ठराविक उत्तर असतें : “अशा दिवसांत असें व्हायचेंच.” कंबर दुखते, लघवीला वारंवार जावें लागतें, अन्न नकोसें होतें, या साऱ्याला तें एकच उत्तर पुरतें. बहुतेक वेळां तें खरेंहि असतें. परंतु त्याच उत्तराच्या आड एक गंभीर दुखणें लपून राहतें. तें म्हणजे मूत्रपिंडांना होणारा जंतुसंसर्ग.

प्रत्येक मूत्रपिंडांतून एक बारीक नळी निघून खालीं मूत्राशयाला मिळते. लघवी वरून खालीं वाहत राहिली म्हणजे जंतूंना वर चढण्यास अवसर मिळत नाहीं. गरोदरपणांत या व्यवस्थेंत दोन फरक पडतात. शरीरांत वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन नांवाच्या द्रव्यामुळें या नळ्या सैल पडतात, आणि वाढतें गर्भाशय त्यांच्यावर दाब आणतें. प्रवाह मंदावतो, लघवी सांचते, आणि सांचलेल्या पाण्यांत शेवाळ धरावें तसे जंतु वाढतात. गर्भाशय बहुधा उजवीकडे कललेलें असतें. म्हणून हा दाह उजव्या बाजूस अधिक आढळतो. यांतील मुख्य जंतु ई. कोलाय हा होय. १८८५ सालीं थिओडोर एशेरिख यांनीं त्याचें वर्णन केलें. आंतड्यांत तो सहसा निरुपद्रवी असतो; पण स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा, तेव्हां मूत्राशयांत शिरणें त्याला कठीण जात नाहीं.

लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. शंभर गरोदर स्त्रियांपैकीं सुमारें २ ते १० जणींच्या लघवींत हे जंतु असतात, आणि तरीहि जळजळ नसते कीं ताप नसतो. १९६० च्या सुमारास बोस्टन येथील डॉ. एडवर्ड कॅस यांनीं दाखवून दिलें कीं, या मूक अवस्थेंतच औषध दिलें तर मूत्रपिंडदाह बहुतांशीं टळतो. म्हणून पहिल्या तपासणीच्या वेळींच लघवीचें ‘कल्चर’ करून घ्यावें. साध्या लघवी-तपासणींत हे जंतु निसटूं शकतात.

दाह झालाच तर त्याचीं लक्षणें अशीं : हुडहुडी भरून ताप येतो, बरगड्यांच्या खालीं पाठीच्या एका बाजूस ठणका लागतो, मळमळ व ओकाऱ्या होतात. लघवीची जळजळ असेल किंवा नसेलहि. हुडहुडी पाहून घरची मंडळी हिवतापाचा तर्क करतात आणि कपाटांतली उरलेली गोळी शोधतात. येथेंच घात होतो. एक तर त्यांत मोलाचे तास जातात. दुसरें असें कीं, सर्वच औषधें गर्भाला मानवत नाहींत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधानें बाळाच्या दांतांवर कायमचे डाग पडतात.

अशी लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें लघवीचा नमुना घेऊन शिरेंतून जंतुनाशक औषध देतात. ताप उतरल्यावर गोळ्या सुरू होतात. दोन दिवसांत बरें वाटूं लागलें तरी सुमारें १४ दिवसांचा क्रम पुरा करावा, आणि नंतर लघवी पुन्हां तपासावी, कारण हें दुखणें उलटतें. हयगय केल्यास जंतु रक्तांत पसरतात, फुप्फुसांत पाणी भरतें, आणि कळा अकालीं सुरू होऊन अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मास येतें.

राहिला प्रश्न संकोचाचा. सासरीं नवीन असलेली सून लघवीची तक्रार कोणाजवळ बोलत नाहीं. प्रवासांत सोय नाहीं म्हणून ती पाणी कमी पिते आणि लघवी तासन् तास तुंबवून ठेवते. डोहाळे पुरविण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. त्याच मायेनें सासूबाईंनीं, आईनें आणि पतीनेंहि तिला हा प्रश्न आपण होऊन विचारावा, आणि तिनें “पाठ दुखते” म्हटलें तर आधीं अंगाला हात लावून ताप आहे काय तें पाहावें.